पहिली मोळी

माझ्या वडिलांना साखर कारखान्याच्या काट्याने फसवलं. खरं तर काट्यावर बसलेल्या माणसाने फसवलं, आणि वर चोर वडिलांनाच ठरवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी भुताची गोष्ट सांगतोय. मी तक्रार सांगतोय. त्यात मध्येच काहीतरी आलं, त्याला माझा इलाज नाही... आणि ते भूत होतं असंही मी म्हणणार नाही.

मी भंगारवाला. अहिल्यानगर शहराच्या बाहेर माझं यार्ड आहे. हातगाडी ढकलत गल्लोगल्ली ओरडण्यापासून सुरुवात केली, आज दोन ट्रक आणि एक हायड्रा क्रेन दाराशी उभी आहे. कोणाचं देणं लागत नाही, कोणाचं ऐकूनही घेत नाही. या धंद्यात माणूस देवाची मूर्तीसुद्धा आधी ठोकून बघतो – भरीव आहे की आतून पोकळ. असल्या अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता. घरी पेपरातलं वाचकांच्या भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर वाचलं जातं तेव्हा मी मध्येच विचारतो, "त्या चिंचेखालच्या बाईला रिकामटेकडेच बरे दिसतात, धंदेवाला कधी दिसत नाही?" तर असा मी. आता ऐका.

आम्ही मूळचे पाथर्डी तालुक्यातले. दिवाळी झाली की गाव मोकळं व्हायचं आणि आमचे आई-वडील कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे – नेवाशाच्या पुढे, कालव्याच्या पट्ट्यात. मी तेव्हा तिसरीत होतो, म्हणजे शाळेत असतो तर तिसरीत असतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही, माझं भांडण माणसाशी आहे.

त्या कारखान्याची स्वतःची छोटी रेल्वे होती. दोन-अडीच फुटांवर दोन रूळ, खेळण्यातलं वाटावं असं इंजिन आणि मागे उघडे लोखंडी डबे, चारी कोपऱ्यांना ऊस अडवायला खुंट. आम्ही तिला ट्रॉलीलाईन म्हणायचो. जिथे पावसाळ्यात बैलगाडी जात नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर ती जायची. जाताना खताची पोती, मीठ, पेंड, घासलेट घेऊन जायची आणि येताना ऊस. रुळावर म्हैस बसली असेल तर ड्रायव्हर खाली उतरून तिला शिव्या देत उठवायचा. एखाद्या वस्तीवरची बाळंतीण अडली तर उसावर वाकळ अंथरून तिला त्यावर निजवायचे आणि इंजिन त्या दिवशी जरा हळू जायचं. तिकीट नाही, वेळापत्रक नाही. पण त्या लोकांची दुसरी गाडीच नव्हती.

या लाईनवर एक रीत होती, ती नीट समजून घ्या. ज्या टोळीने डबा भरला, तिचा मुकादम उसावर बसून डब्याबरोबर कारखान्यात जायचा. काट्यावर वजन झालं की डबा गव्हाणीवर न्यायचे – गव्हाण म्हणजे जिथून ऊस चरकाकडे जातो ती जागा. तिथे पहिली मोळी मुकादमाने स्वतःच्या हाताने काढून खाली ठेवायची. मग उरलेला ऊस कारखान्याची माणसं ओढायची. पहिली मोळी काढली की डबा टोळीच्या डोक्यावरून उतरला. तोवर तो डबा टोळीचा. इंजिनाचा ड्रायव्हरसुद्धा त्याआधी विडी पेटवायचा नाही.

माझे वडील – आम्ही त्यांना आण्णा म्हणतो – एका लहानशा टोळीचे मुकादम होते. सगळी आमच्याच गावची जोडपी. एका सकाळी त्यांनी भरलेला डबा काट्यावर गेला आणि वजन निम्म्याच्याही खाली निघालं. काट्यावर एक तरुण बाबू होता. त्याचं नाव भाऊसाहेब एवढंच लिहितो. तो खिडकीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुकादम, पोकळ भरलंय तुम्ही."

पोकळ भरणी म्हणजे काय, ते ऊसवाल्यांना सांगायला नको. कडेने मोळ्या उभ्या लावायच्या, मध्ये जागा रिकामी ठेवायची, वरून ऊस आडवा टाकून झाकायचं. बाहेरून डबा भरलेला दिसतो. तोडणाऱ्यांमध्ये याच्याइतकी हलकी शिवी नाही.

आण्णा म्हणाले, "साहेब, डबा हितंच उपसा. मोळी मोळी मोजून घ्या. पोकळ निघाला तर मला याच रुळावर आडवा करा."

"काटा खोटं बोलत नाही," भाऊसाहेब म्हणाला. त्याने डबा तसाच पुढे ढकलायला लावला. आण्णा गव्हाणीकडे धावले तर दोघांनी त्यांना दंडाला धरून गेटबाहेर काढलं. पहिली मोळी काढू दिली नाही. डबा रिकामा झाला, ऊस चरकात गेला, संपलं. मी गेटबाहेर आईच्या लुगड्याला धरून उभा होतो. आण्णा बाहेर आले ते हात असे पुढे धरून... जणू काहीतरी उचललंय आणि ठेवायला जागा सापडत नाही.

टोळी फुटली. गावात आण्णांचं नाव 'पोकळ्या' पडलं. ज्यांच्याबरोबर एका चुलीवर जेवलो त्यांनीच ते पाडलं. मी 'पोकळ्याचा बाळू'. शाळेत, जत्रेत, विहिरीवर. माझा भडक स्वभाव कुठून आला असं बायको विचारते – तिथून आला. पुढे एकाही टोळीने आण्णांना उभं केलं नाही. ते लोखंड, बाटल्या, चिंध्या गोळा करू लागले आणि त्या पोत्यातून माझा धंदा उभा राहिला. आई त्यातच गेली. आज आण्णा ऐंशीच्या पुढे आहेत, माझ्याजवळ राहतात. त्या डब्याबद्दल ते माझ्यासमोर पुन्हा कधी बोलले नव्हते.

आता या वर्षीची गोष्ट. त्याच कारखान्याने जुनं लोखंड लिलावात काढलं. ट्रॉलीलाईन कधीच बंद पडली होती, रूळ उखडून ढीग घातले होते आणि काही डबे मागच्या बाजूला वेड्या बाभळींत गंजत पडले होते. मी गेलो. बदला घ्यायला नाही, लोखंड घ्यायला. वजनावर भाव ठरला. ठरवताना मी दोनदा उठून निघालो, दोन्ही वेळा त्यांनीच मला गेटवरून परत बोलावलं. सौदा माझ्या मनासारखा झाला.

डबे उचलायला लागलो. पहिले सगळे हायड्राने काडीसारखे उचलले. एका डब्याला साखळी लावली तर क्रेनची मागची चाकं जमिनीवरून सुटली.

ऑपरेटर गणेश केबिनमधून ओरडला, "शेठ, ह्यात काँक्रीट भरलंय का? मशीन पालथं पडतंय माझं!"

मी आत डोकावलो. तळाचा पत्रा गंजून चाळणी झालेला, खालचं गवत दिसत होतं. बाभळीचा पाला आणि एक तुटकी चप्पल. बाकी काही नाही.

कारखान्याच्या काट्यावर तो एकटा डबा बाकीच्या डब्यांच्या तिपटीहून जास्त भरला. माझं डोकं फिरलं. मी काट्यावरच्या पोराला म्हटलं, "अरे, बापाला काटा मारलात, आता मलाही मारता?" त्या बिचाऱ्याला काय कळणार. तो म्हणाला, "शेठ, इलेक्ट्रॉनिक आहे. काटा खोटं बोलत नाही." तेच वाक्य! मी ट्रक तसाच बाहेर काढला आणि हायवेवरच्या खाजगी काट्यावर चढवला. तिथेही तेच. माझ्या यार्डासमोर एक काटा आहे, त्याचा मालक माझ्या ओळखीचा, रोज माझा माल तोलतो. तिथेही तेच.

यार्डात उतरवल्यावर यासीनभाईने – माझा गॅसकटरवाला, वीस वर्षं माझ्याकडे आहे – डब्यावर हातोडी मारली. रिकाम्या डब्याचा आवाज कसा येतो ते आम्हाला झोपेतही कळतं. या डब्यातून आवाज आला तो धान्याने भरलेल्या कणगीवर थाप मारल्यासारखा. बद्द.

"कापू का?" यासीनभाईने विचारलं.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.

कारण तोवर माझ्या डोक्यात व्यापाऱ्याचा हिशोब सुरू झाला होता. का जास्त भरतोय, हे मला कळत नव्हतं. पण जास्त भरतोय एवढं तीन काटे सांगत होते. आणि ही वस्तू मला एकाच माणसाला दाखवायची होती.

भाऊसाहेब आता निवृत्त आहेत. इथेच शहरात मुलाच्या बंगल्यात राहतात. पांढरे कपडे, सोनेरी काड्यांचा चष्मा, लोक पाया पडतात. मी जाऊन समोर बसलो, कोणत्या मुकादमाचा मुलगा ते सांगितलं आणि सरळ सौदा मांडला.

"रविवारी माझ्या यार्डात या. रिकामा डबा तुमच्या डोळ्यांदेखत काट्यावर चढवतो. बाकीच्या डब्यांइतकाच भरला, तर मी तुमच्या पायावर डोकं ठेवून माफी मागेन. जास्त भरला, तर तुम्ही आमच्या गावी यायचं, मारुतीच्या पारावर, माझ्या वडिलांसमोर, आणि एकच वाक्य बोलायचं – तो डबा पोकळ नव्हता."

ते हसले. "रिकामा डबा जास्त कसा भरेल हो?"

"मग तुमचं काय जातंय?"

"तुम्ही भंगारवाले लोक लई चिवट," म्हणाले आणि कबूल झाले. हातावर हात मारून सौदा झाला.

घरी मी आण्णांना काही सांगितलं नाही. त्यांना रविवारी एकदमच बोलवायचं ठरवलं होतं. पण माझ्या बायकोच्या पोटात गोष्ट राहत नाही. शनिवारी दुपारी मी ऑफिसात जेवत होतो, तर रिक्षातून आण्णा उतरले. धोतर, टोपी, खांद्यावर टॉवेल.

"डबा आनलायस म्हनं."

"भंगार आहे आण्णा. या, जेवा."

"त्याचा एक खुंट रुळाच्या तुकड्याचा हाय का? जरा भायेर वाकलेला?"

मी घास खाली ठेवला. होता तसा खुंट. मागच्या डाव्या कोपऱ्याला.

आण्णा डब्यापाशी गेले, तो वाकलेला खुंट हाताने चाचपला. मग यासीनभाईला म्हणाले, "बाबा, मला जरा वर चढीव."

"आण्णा, पत्रा सडलाय, पाय जाईल," मी ओरडलो.

"कडंला उभा ऱ्हातो. तू हिकडं खाली ये." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल पिळून गोल केला, त्याची चुंबळ माझ्याकडे टाकली. "डोक्यावर घे."

"कशाला?"

"भरलेला हाय त्यो. त्या दिशी मला पैली मोळी काढू दिली न्हाई. तवाधरनं माझ्याच डोक्यावर हाय डबा. घे म्हनलं ना!"

ऐंशीच्या वर वय, पण आवाज मुकादमाचा. दुपारचं ऊन, समोर हायवेवर गाड्या चाललेल्या, गणेश पंक्चर काढत बसलेला. मी चुंबळ डोक्यावर घेऊन उभा राहिलो – आपल्याच यार्डात, आपल्याच कामगारांसमोर. आण्णा वाकले. दोन्ही हात काहीतरी कवेत घेतल्यासारखे केले, दम धरला, आणि "हं" म्हणत माझ्या डोक्याकडे लोटलं.

माझी मान खाली बसली.

यापुढे मी जे लिहितोय त्याला साक्षीदार फक्त यासीनभाई, आणि तो एवढंच म्हणतो की शेठचे गुडघे वाकले. माझ्या डोक्यावर वजन होतं. लहानपणी आईच्या डोक्यावर बघितलं होतं, कधी स्वतः घेतलं नव्हतं, ते वजन. कानाशी पानं घासली. ताज्या तोडलेल्या उसाचा ओलसर गोड वास आला. भीती नाही वाटली, शपथेवर सांगतो. फक्त एवढंच वाटलं – हे आता कुठे ठेवायचं?

"भिंतीकडंला ठीव. वाटंत नगं," आण्णा म्हणाले.

भिंतीपर्यंत जायचा दम माझ्यात नव्हता, आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. डबा आणि गेट यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, जिथे होतो तिथेच मी मान झटकली. हलकं झालं. खाली बघितलं तर नुसती जमीन.

"झालं," आण्णा म्हणाले. "बाकीचं आता कारखान्याचं."

यासीनभाईने त्यांना उतरवून घेतलं. आण्णांनी नळावर तोंड धुतलं, चहा मागितला. तेवढ्यात यासीनभाईने, सहज, हातोडी उचलून डब्यावर मारली.

टण्ण. स्वच्छ, रिकामा आवाज. देवळातल्या घंटेसारखा घुमला.

मला समजायला एक क्षण लागला. मग मी जो ओरडलो तो समोरच्या काट्यावर ऐकू गेला असेल. "आण्णा! उद्या तो येणार होता! तुमच्यासमोर उभा करणार होतो मी त्याला! पुरावा होता तो!"

आण्णा बशीत चहा ओतत होते. "पुरावा तुला पायजे हुता बाळू. मला डबा वाहून वाहून कटाळा आला हुता."

रात्री बायकोने माझी मान बघितली आणि म्हणाली, "अहो, ही कसली पुरळ? ऊस तोडायला गेला होता का?" उसाच्या पानांना बारीक कूस असते, ती कातडीत शिरली की दिवस दिवस खाजते. आमच्या जातीच्या... म्हणजे कोयत्याच्या माणसांना ती पुरळ ओळखायला डॉक्टर लागत नाही. तिनेच खोबरेल लावलं.

रविवारी भाऊसाहेब आले. मी सौदा मोडू शकलो असतो, आजारी आहे म्हणून सांगू शकलो असतो. पण दिलेला शब्द मी लोखंडाच्या भावातही फिरवत नाही. डबा काट्यावर चढवला. बाकीच्या डब्यांइतकाच भरला, उलट किंचित कमीच. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून आकडे पुन्हा वाचले, आणि डबा परत जागेवर ठेवेपर्यंत ऑफिसच्या दारातून हसत यार्डात आले. आण्णा खुर्चीवर बसले होते. त्यांनी उठून नमस्कार केला, म्हणाले, "या साहेब. च्या घ्या."

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. चहा उभ्यानेच प्यायले. कप ठेवला आणि मला म्हणाले, "काय हो शेठ... तुमच्या घराण्यात सगळं पोकळच निघतं की!"

माझा हात उठला होता. आण्णांनी नुसतं "बाळू" म्हटलं, म्हणून खाली आला. मग शब्दाप्रमाणे मी वाकलो. त्या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माफी मागितली. हे लिहितानाही माझे कान गरम होतायत.

मी वाकलेलाच असताना ते वळले आणि गेटकडे निघाले. म्हणून माझी नजर त्यांच्या पायांवर होती. पांढरी चप्पल, तरातरा सरळ चाललेली. डबा आणि गेट यांच्यामधल्या मोकळ्या जागेत पोचली... आणि थांबली. जिथे मी आदल्या दुपारी मान झटकली होती, बरोबर तिथे. तिथे खडासुद्धा नव्हता, सकाळीच झाडून घेतलं होतं. पाय मागे आला. मग त्यांनी धोतराचा सोगा जरा वर धरला, एका बाजूने वळसा घातला – उसाची मोळी आडवी पडली असेल तर माणूस घालतो तेवढा लांब, वाढ्याच्या म्हणजे हिरव्या शेंड्याच्या टोकापर्यंत – आणि पलीकडून पुन्हा सरळ वाटेला लागले. मान खाली घालून बघितलंसुद्धा नाही. मागे वळून बघितलं नाही. गाडीत बसले ते दार दोनदा ओढून.

मी उठून आण्णांकडे पाहिलं. त्यांनी बशी तोंडाला लावली होती.

"त्याला ठावं हाय," ते म्हणाले. आणि फुर्र करून चहा प्यायले.

त्यानंतर आण्णा बरे आहेत. सकाळी फिरायला जातात, नातवंडांवर ओरडतात, रात्री शांत झोपतात. यासीनभाई, गणेश, मी, यार्डात येणारी गिऱ्हाईकं – आम्ही सगळे दिवसातून कितीदा त्या जागेवरून चालतो, कोणाच्या पायाला काही लागत नाही. रिकाम्या डब्याने तीन काट्यांवर तिप्पट वजन का दाखवलं, मला माहीत नाही. एका दुपारीत ते कुठे गेलं, माहीत नाही. माझ्या मानेवर काय होतं तेही मी सांगू शकत नाही. इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला काट्यात दोष असेल. तिन्ही? डबा मी कापलेला नाही. यार्डात तसाच उभा आहे, वाकड्या खुंटासकट.

भाऊसाहेब, हे सदर तुमच्या घरी वाचलं जातं, हे मी त्या दिवशी तुमच्या टेबलावर बघून आलोय. माझ्याकडे कशाचंही स्पष्टीकरण नाही, हे मी सगळ्यांसमोर कबूल केलं. माफी ठरली होती, तीही मागून झाली. आता मी तुम्हाला एकच विचारतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय सोडणार नाही. रिकामी जमीन होती, झाडलेली, उन्हात लख्ख. तिथे तुम्ही वळसा कशाला घातलात? काय पडलं होतं वाटेत?

पार अजून तिथेच आहे. आण्णा अजून आहेत. येऊन सांगा.